प्रकल्प नेमका कुणी केला?

सॅन दिएगो शहराच्या पॉइंट लोमा भागात अमेरिकी नौदलाचं एक जुनं प्रशिक्षण केंद्र होतं. १९२३ पासून नौसैनिक घडवणारं हे केंद्र १९९७ मध्ये बंद झालं आणि तिथल्याच एका इमारतीत २००० साली ‘हाय टेक हाय’ ही शाळा सुरू झाली. नाव ऐकलं की संगणकांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. शाळेमागचं आर्थिक बळही शहरातल्या तंत्रज्ञान उद्योगाचंच होतं. क्वालकॉम कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव गॅरी जेकब्ज हे त्यातलं मुख्य नाव. कामाला कुशल माणसं मिळत नाहीत, ही या मंडळींची तक्रार. पण शाळा उभी करायला त्यांनी ज्यांना गाठलं ते लॅरी रोझेनस्टॉक म्हणजे कायद्याचं शिक्षण घेऊनही मुलांना सुतारकाम शिकवत राहिलेले शिक्षक. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी अनेक वर्षं हायस्कूलच्या मुलांच्या हाती रंधा-करवत दिली होती. अमेरिकी हायस्कुलात मुलांची वाटणी ठरलेली असे: काही कॉलेजच्या वाटेला, काही हातकामाच्या. ही वाटणी हुशारीवरून होते असं सांगितलं जाई. पण मूल कुठल्या वस्तीतून येतं एवढं कळलं तरी ते कुठल्या वाटेला लागेल याचा अंदाज बांधता येई. रोझेनस्टॉक यांनी नव्या शाळेत ही वाटणीच काढून टाकली. हुशारांची तुकडी वेगळी नाही, मागे पडलेल्यांची वेगळी नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाला लागणारे विषय सगळ्यांना. आणि शिकायचं ते मुख्यतः प्रकल्पांतून.

ही चार्टर शाळा आहे, म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. चार्टर शाळांचा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला, पाठोपाठ १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने. चार्टर शाळेला पैसा सरकारी मिळतो, फी घेता येत नाही, स्थानिक शाळा-प्रशासनाच्या बऱ्याच नियमांतून सूट मिळते आणि बदल्यात ठरावीक मुदतीच्या कराराला बांधून घ्यावं लागतं. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या तर सोडत. आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी पालक ज्या सोडतीकडे डोळे लावून बसतात, तशीच. मात्र सोडत काढली म्हणून वर्ग आपोआप संमिश्र होत नाही. ज्या वस्तीत शाळा, त्याच वस्तीतले अर्ज जास्त आले तर सोडतीतून तीच वस्ती वर्गात येते. अमेरिकेतल्या चार्टर शाळा एकंदरीने वांशिकदृष्ट्या जास्तच एकसाची आहेत, अशी टीका नागरी हक्कांचे अभ्यासक सातत्याने करत आले आहेत आणि ती निराधार नाही. कॅलिफोर्नियात अडचण दुहेरी होती. १९९६ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर केलं आणि सरकारी शिक्षणात वंश पाहून प्राधान्य देण्याला बंदी आली. हाय टेक हायने त्यावर काढलेला मार्ग पोस्टाच्या पिन कोडचा: सोडत काढताना शहराच्या निरनिराळ्या भागांतली मुलं येतील अशी तजवीज. सॅन दिएगोत आठ क्रमांकाचा हमरस्ता शहराची ढोबळमानाने फाळणी करतो. उत्तरेकडे ला होयासारख्या किनाऱ्यावरच्या श्रीमंत वसाहती. दक्षिणेकडे मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत पसरलेल्या, घरात स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी कुटुंबांच्या वस्त्या. जिथे वस्त्याच अशा विभागलेल्या आहेत, तिथे पिन कोड बरंच काही सांगून जातो. म्हणून एका वर्गात डॉक्टरची मुलगी आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा शेजारी बसू शकतात.

शेजारी बसल्यानंतर काय, हा या प्रकरणाचा विषय. अशा वर्गासाठी प्रकल्प हीच उत्तम पद्धत, असं उत्साही मंडळी सांगतात. कुणाला चित्र येतं, कुणाला यंत्र जुळवता येतं, कुणाला बोलता येतं. परीक्षेत एकालाच मिळणारी शाबासकी प्रकल्पात सगळ्यांच्या वाट्याला येते, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. संमिश्र वर्गात सैल सोडलेला प्रकल्प घरची सुबत्ता थेट गुणांत उतरवतो, परीक्षेपेक्षाही चोखपणे. तोच प्रकल्प शिक्षकाने काटेकोर बांधला तर गरीब घरच्या मुलाला मिळू शकणाऱ्या चांगल्या शिक्षणापैकी तो एक ठरतो. दोन्हींना नाव एकच असल्यामुळे वाद घालणारे बहुधा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. मराठी पालकाला सैल प्रकल्पाची ओळख करून द्यायची गरजच नाही. ‘उद्या प्रोजेक्ट द्यायचाय’ हे रात्री नऊला कळतं. मग कार्डशीट, चकचकीत कागद आणि गोंद यांची धावाधाव, इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंट, आईच्या वळणदार अक्षरातली शीर्षकं. स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी आणि तयार सूर्यमाला विकायला असतात. दुसऱ्या दिवशी शिक्षक ज्याला गुण देतात ते मुलाचं काम नसतं. घरात प्रिंटर आहे का, आईला संध्याकाळी वेळ आहे का आणि दुकान कोपऱ्यावर आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांना ते गुण मिळतात. ज्या मुलीची आई रात्री आठपर्यंत दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत असते, तिचा प्रकल्प वर्गात सगळ्यांत केविलवाणा दिसतो. आणि तो सगळ्यांसमोर टेबलावर मांडलेला असतो. लेखी परीक्षेत निदान कमी गुण बंद वहीत राहतात.

ही भानगड प्रकल्पपद्धतीच्या जन्मापासूनची आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे शिकले, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रोजेक्ट मेथड’ हा निबंध लिहिला आणि तो शिक्षकांमध्ये हातोहात पसरला. मुलाने मनापासून, स्वतःच्या हेतूने केलेली कृती हा त्यांच्या मांडणीचा गाभा. हेतू मुलाचा हवा, यावर त्यांचा इतका भर होता की शिक्षकाने नेमकं काय करायचं हा प्रश्न मागे पडला. स्वतः ड्यूई मात्र इतके भाबडे नव्हते. १९३८ मध्ये त्यांनी ‘एक्सपीरिअन्स अँड एज्युकेशन’ लिहिलं ते बरंचसं आपल्याच अनुयायांचे कान उपटण्यासाठी: जुन्या शाळेची शिस्त झुगारली म्हणजे नवं शिक्षण झालं असं होत नाही, प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, आणि कुठला अनुभव पुढच्या शिकण्याला जोडेल हे ठरवण्याची जबाबदारी मोठ्यांचीच. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम आकाराला येत होती. तिथे हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफायचं ठरलं, पण चरख्यातून गणित कसं आणि कधी काढायचं हे शिक्षकाला माहीत असेल तरच ती गुंफण होणार होती. जिथे ते माहीत नव्हतं तिथे नुसती सूतकताई उरली. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा हातांनी काम करत शिकण्याला त्यांनी रीतसर अभ्यासक्रमाची चौकट दिली. ती पुढे इतर शाळांत नेता आली याचं बरंचसं श्रेय त्या चौकटीला आहे.

संमिश्र वर्गात ही चौकट जास्तच का लागते, याचं मला सापडलेलं सर्वांत नेमकं उत्तर स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांचं आहे. १९८६ मध्ये त्यांचं ‘डिझायनिंग ग्रुपवर्क’ प्रसिद्ध झालं. चार-पाच मुलांचा गट कामाला बसवला की काय होतं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वर्गात बसून मोजलं. गटात कोण किती बोलतं, साहित्याला कुणाचे हात लागतात, कुणाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. गट जमल्या क्षणी त्यात एक उतरंड तयार होते. वाचनात पुढे असलेलं, वर्गात लोकप्रिय असलेलं, वरच्या सामाजिक गटातलं मूल आपोआप म्होरक्या होतं. बाकीचे पेन्सिली धरतात. हातातल्या कामाला त्या मुलाचं कौशल्य लागतं की नाही याचाही इथे संबंध नसतो. पुढचा मुद्दा जास्त गंभीर: गटात जो जास्त बोलतो तोच जास्त शिकतो, असं त्यांच्या मोजमापात पुन्हा पुन्हा दिसलं. थोडक्यात, वर्गाबाहेरची विषमता गटाच्या टेबलावर येऊन बसते आणि शिकण्यात रूपांतरित होते. कोहेन यांनी गटकाम बंद करा असं म्हटलं नाही. काम असं हवं की एकट्याला ते झेपणारच नाही. त्याला खरोखर निरनिराळ्या क्षमता लागाव्यात. प्रत्येकाची भूमिका ठरलेली आणि फिरती असावी. आणि शिक्षकाने मागे पडलेल्या मुलाने केलेलं एखादं खरं बौद्धिक योगदान हेरून ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगावं. ‘छान’ म्हणून भागत नाही. ‘हिने हा दाता उलटा फिरेल हे आधी ओळखलं, म्हणून तुमचं चाक अडकलं नाही’, असं म्हणावं लागतं. खोटं कौतुक मुलं ताबडतोब ओळखतात, म्हणून ते खरं असावं लागतं. आणि ते खरं असण्यासाठी शिक्षकाला सगळे गट डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. प्रकल्पात शिक्षकाला आराम असतो, असं म्हणणाऱ्याने हे एक तास करून पाहावं.

वर दात्यांचं उदाहरण आलं ते उगाच नाही. २०१५ साली आलेल्या ‘मोस्ट लाइकली टू सक्सीड’ या माहितीपटात हाय टेक हायच्या नववीच्या मुलांचा असाच एक प्रकल्प दिसतो. संस्कृती उदयाला का येतात आणि लयाला का जातात, हा इतिहासाचा प्रश्न. गटांनी एकेका संस्कृतीचा अभ्यास करायचा, ऱ्हासाच्या कारणांबद्दल आपला सिद्धान्त मांडायचा आणि तो लाकडी दातेरी चाकांच्या यंत्रात उतरवायचा. कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं, म्हणजेच कुठल्या कारणातून काय घडतं, हे यंत्रात दाखवावं लागतं. निबंधात ‘आणि त्यामुळे’ लिहून वेळ मारून नेता येते. लाकडात दोन चाकांचे दाते जुळले नाहीत तर यंत्र हलतच नाही. इतिहासाचे आणि अभियांत्रिकीचे शिक्षक जोडीने हा वर्ग चालवतात. शेवटी प्रदर्शनाची रात्र. पालक, शेजारीपाजारी, शहरातली माणसं येतात, आणि एका मुलाच्या गटाचं यंत्र त्या रात्री चालत नाही. पुढे सुट्टीत येऊन तो ते पुरं करतो. माहितीपटाला त्या मुलाची जिद्द दाखवायची आहे आणि ती भावतेही. मला मात्र त्या गटातल्या इतरांबद्दल जास्त कुतूहल वाटलं. एकाच्या मोठ्या स्वप्नापायी अडकलेल्या यंत्रातून त्यांच्या हाती काय आलं? कोहेन यांनी नेमकं हेच विचारलं असतं.

या शाळेकडे त्या प्रश्नाची काही उत्तरं आहेत, आणि ती पडद्यावर फारशी आकर्षक दिसत नाहीत. तिथे दोन शिक्षक मिळून साधारण पन्नास मुलं सांभाळतात, त्यामुळे मुलाला ओळखणारी दोन मोठी माणसं रोज एकमेकांशी बोलतात. मुलं यायच्या आधी सकाळी शिक्षकांना एकत्र नियोजनाला वेळ ठेवलेला असतो. नवा प्रकल्प वर्गात नेण्याआधी शिक्षक तो सहकाऱ्यांपुढे मांडतो आणि ते त्यातल्या चुका काढतात. मुलांना द्यायचं काम शिक्षकाने आधी स्वतः करून पाहावं, असाही दंडक आहे. ही रीत मला सगळ्यांत मोलाची वाटते. शिक्षकाने लाकडाचं चाक स्वतः कापलं की ते कुठे फुटतं, कुठल्या टप्प्याला त्रिकोणमिती लागते आणि कुठे मुलांचे तीन दिवस वाया जातील, हे त्याला आधीच कळतं. कामाचा मोठा भाग शाळेत, शाळेच्या वेळात, शाळेच्या साहित्यावर होतो, म्हणजे घरच्या प्रिंटरचा प्रश्न निकालात निघतो. आणि गट कितीही चांगला असला तरी वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याने उभं राहून आपण काय शिकलो ते सांगावं लागतं. समोरचे प्रश्न विचारतात. गटाच्या आडोशाला लपायला जागा राहत नाही.

याच्या जोडीला खर्ड्यांची शिस्त. ती समजून घ्यायला हायस्कूल सोडून थोडं खाली, पहिलीच्या वर्गात जावं लागतं. आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावच्या एका चार्टर शाळेत ऑस्टिन नावाच्या मुलाला फुलपाखराचं शास्त्रीय चित्र काढायचं होतं. समोर छायाचित्र होतं. पहिलं चित्र पहिलीतलं मूल काढेल तसंच, अंदाजपंचे. वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं आणि सांगितलं: पंखांचा आकार टोकदार आहे, तू गोल केलास. दुसरं चित्र. मग तिसरं. आधी फक्त आकार, तो जमल्यावर पंखांवरची नक्षी, मग रंग. सहावं चित्र पाहिलं की ते सहा वर्षांच्या मुलाने काढलंय यावर पटकन विश्वास बसत नाही. शिक्षणतज्ज्ञ रॉन बर्गर ही सहा चित्रं देशोदेशीच्या शिक्षकांना दाखवत आले आहेत. सूचना प्रेमाने द्यायची, नेमकी द्यायची आणि उपयोगी पडेल अशी द्यायची, हे त्यांचे तीन नियम प्रकल्पपद्धतीच्या शाळांत आता घरचे झाले आहेत. मला यात दिसतं ते असं: ऑस्टिनला कुणी ‘तुझ्या मनाला येईल तसं काढ’ म्हटलं नव्हतं. नमुना समोर होता, निकष उघड होते, चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगितलं गेलं आणि पुन्हा काढायला वेळ दिला गेला. चित्रकलेच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला यातलं बरंच घरी फुकट मिळतं. बाकीच्यांना ते शाळेनेच द्यावं लागतं.

आता पुरावा. प्रकल्पपद्धतीवरचे बरेच अभ्यास लहान, उत्साही शिक्षकांच्या वर्गांतले आणि तुलनेचा गट नसलेले आहेत; ते बाजूला ठेवले तरी चालतील. मोठ्या, चिठ्ठ्या टाकून शाळा वाटून घेतलेल्या प्रयोगांपैकी दोन शेजारी ठेवण्यासारखे आहेत. पहिला इंग्लंडचा. हाय टेक हायपासून प्रेरणा घेऊन तिथे ‘लर्निंग थ्रू रिअल प्रोजेक्ट्स’ हा कार्यक्रम सातवीच्या, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी राबवला गेला आणि एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने २०१६ मध्ये त्याचा स्वतंत्र तपासणी अहवाल प्रसिद्ध केला. भाषेच्या प्रगतीवर ठळक परिणाम दिसला नाही. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरच्या मुलांवर तर परिणाम उलटा झाल्याची शक्यता दिसली. कार्यक्रम राबवणाऱ्या जवळपास निम्म्या शाळा मधेच गळाल्या, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. तरीही गळती हीसुद्धा माहितीच आहे. दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. बहुतांशी मोठ्या शहरांतल्या पाच शिक्षण-जिल्ह्यांत सुमारे ३,६०० हायस्कूल विद्यार्थ्यांवर तो झाला. विषय दोनच: अमेरिकेची शासनव्यवस्था आणि पर्यावरणशास्त्र, दोन्ही कॉलेजच्या तोडीचे ‘एपी’ अभ्यासक्रम, शेवटी देशभर एकच बाहेरची परीक्षा. म्हणजे ‘प्रकल्प केले पण परीक्षेचं काय’ या प्रश्नाला पळवाट नाही. प्रकल्पातून शिकलेल्यांचं उत्तीर्णांचं प्रमाण पहिल्याच वर्षी नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा सुमारे ८ टक्केबिंदूंनी जास्त निघालं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना झालेला फायदा इतरांइतकाच होता.

एकच पद्धत आणि दोन देशांत दोन निकाल, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. वयाचा आणि विषयाचा फरक आहेच. पण अमेरिकी प्रयोगात शिक्षकांना वर्षभराचा तयार अभ्यासक्रम दिला होता: कुठला प्रकल्प कितव्या आठवड्यात, त्यात कुठली संकल्पना कधी शिकवायची, ती पुढच्या प्रकल्पात पुन्हा कशी भेटेल. शिवाय उन्हाळ्यात प्रशिक्षण आणि वर्षभर हाताशी मार्गदर्शक. इंग्लंडमध्ये शाळांना आपले प्रकल्प बऱ्याच अंशी स्वतःच रचायचे होते, तेही वेळापत्रक, तपासणी आणि इतर विषयांचा रेटा सांभाळून. सॅन दिएगोहून प्रदर्शनाची रात्र आणि खर्ड्यांची कल्पना नेता आली. शिक्षकांचा सकाळचा एकत्र वेळ आणि दोघांत पन्नास मुलं ही रचना नेणं कितीतरी अवघड. मी या दोन निकालांमधून काढतो तो निष्कर्ष एवढाच की, बांधणी जितकी घट्ट तितका गरीब मुलाचा वाटा मोठा.

याला सर्वांत धारदार आक्षेप संज्ञानात्मक मानसशास्त्राकडून येतो. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये एका गाजलेल्या लेखात म्हटलं की नवशिक्याची स्मृती एका वेळी फार थोडं पेलते. त्याला शोध लावत बसवलं तर सगळी शक्ती चाचपडण्यात जाते आणि शिकायचं ते राहून जातं. हे मला मान्य आहे. त्याला सिंडी मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं की चांगल्या प्रकल्पात मार्गदर्शन भरपूर असतं, तेव्हा हा वार भलत्याच माणसावर झालाय. तेही मला मान्य आहे. दोन्ही खरं असू शकतं, कारण शाळाशाळांतून जे चालतं त्यातलं पुष्कळसं पहिल्यांच्या टीकेला पात्र आहे आणि थोडंसंच दुसऱ्यांच्या वर्णनात बसतं. सरळ शिकवणं आणि प्रकल्प यांत वैर मानायचं कारण नाही. यंत्रात गिअरचं गुणोत्तर लागणार असेल तर ते फळ्यावर वीस मिनिटांत स्वच्छ शिकवावं, दहा उदाहरणं सोडवून घ्यावीत आणि मग लाकूड हातात द्यावं. ते मुलांनी ‘शोधून काढावं’ हा हट्ट पुस्तकी आहे.

दुसरा आक्षेप मोठ्या शहरांतल्या गरीब मुलांसाठी काय चालतं याबद्दलचा. चार्टर शाळांतल्या सोडतीचा फायदा घेऊन अर्थतज्ज्ञांनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. दोन्हीकडे अर्ज करणारेच पालक, म्हणून तुलना बरीच न्याय्य. बॉस्टनमध्ये या पद्धतीने मोठी प्रगती दिसली, पण ती मुख्यतः ‘नो एक्स्क्यूजेस’ म्हणवणाऱ्या शाळांत: लांब दिवस, कडक शिस्त, समोरून शिकवणं, भरपूर सराव. प्रकल्पांच्या बाजूने इतका भक्कम सोडतीचा पुरावा मला माहीत नाही, आणि तसं स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यात कृष्णवर्णीय शिक्षिका आणि विचारवंत लिसा डेल्पिट यांचा १९८८ मधला लेख मिळवा. सत्तेच्या भाषेचे नियम वरच्या वर्गातली मुलं घरातूनच शिकून येतात, म्हणून त्यांना मोकळं सोडणारा शिक्षक चालतो. इतरांना ते नियम उघडपणे शिकवले नाहीत तर मोकळेपणाच्या नावाखाली त्यांना दाराबाहेर ठेवलं जातं, असं त्यांचं म्हणणं. प्रकल्पवाद्यांपैकी अनेकांना हे टोचलं. माझ्या मते डेल्पिट यांनी प्रकल्पाला नकार दिला नव्हता, गुपिताला दिला होता. निकष भिंतीवर लिहिलेले, उत्तम नमुना समोर ठेवलेला, चूक बोट ठेवून दाखवलेली, असा वर्ग त्यांची अट पुरी करतो. आणि ‘नो एक्स्क्यूजेस’ शाळांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांचं यश मोजलं गेलं ते बहुतांशी गरीब आणि अल्पसंख्य मुलांनीच भरलेल्या वर्गांत. ला होयाची मुलगी आणि सरहद्दीजवळचा मुलगा एकत्र बसले की दोघांना एकमेकांबरोबर काम करायला शिकवणं हाही शाळेचा उद्देश होतो, आणि ओळीत गप्प बसवून तो साधत नाही.

काही आक्षेपांपुढे मात्र मान तुकवावी लागते. सोडतीला अर्ज भरणारं घर मुळातच जागरूक असतं; जी आई अर्जापर्यंत पोचलीच नाही, तिच्या मुलाबद्दल सॅन दिएगोचा अनुभव फारसं काही सांगत नाही. गणिताचं प्रकल्पांशी नीट जमत नाही: त्याची एक पायरी दुसरीवर उभी असते आणि ओढूनताणून बसवलेल्या प्रकल्पात तीन आठवड्यांच्या कामातून अर्ध्या तासाचं गणित निघतं. ते वेगळं शिकवावं, बिघडत काहीच नाही. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न शिक्षकांचा. वर ज्या काटेकोर बांधणीचे गोडवे गायले, ती कुणीतरी संध्याकाळी उशिरापर्यंत बसून केलेली असते. हाय टेक हायमध्ये शिक्षकांना एकेका वर्षाचाच करार मिळे. त्यांनी २०२१ मध्ये संघटना बांधली. पद्धत शिक्षकाच्या उत्साहावर उभी आहे आणि त्याची नोकरी मात्र दरवर्षी नव्याने ठरते, हे फार काळ चालणारं नव्हतंच.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘अनुभवात्मक शिक्षण’ हे शब्द शाळांच्या जाहिरातींवर सर्रास दिसू लागले आहेत, आणि आरटीईच्या सोडतीने महाराष्ट्रातल्या काही खाजगी शाळांच्या वर्गांत खरोखर दोन जगं शेजारी आणून बसवली आहेत. म्हणून प्रवेशासाठी शाळा पाहायला जाल तेव्हा भिंतीवरचं देखणं काम पाहून लगेच भारावू नका. त्या कामाचे आधीचे खर्डे दाखवा म्हणावं. ते नसतील, किंवा ‘मुलं घरून करून आणतात’ असं उत्तर आलं, तर तो प्रकल्प कुणी केला हे तुम्हाला कळलंच.